आईवडलांचा सल्ला एवढ्या उशिरा का पटतो?

आई सहा महिने सांगत असते की अरे पाठ दुखतीये तर एकदा डॉक्टरला दाखव, रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर वाकून बसू नकोस. मुलगा पस्तिशीचा, "हो गं, दाखवतो" म्हणतो आणि विषय संपतो. मग एक दिवस ऑफिसमधला मित्र जिना उतरता उतरता सांगतो की माझंही असंच होत होतं, मी जाऊन आलो, तू पण दाखवून घे, आणि हा त्याच संध्याकाळी अपॉइंटमेंट घेतो. सल्ला शब्दाला शब्द तोच, उलट आईनं कितीतरी आधी दिलेला, आणि काळजी तर तिचीच जास्त. तरी पटला तो मित्राकडून.

घरोघरी याचा अर्थ एकच लावला जातो, की मुलांना आता आपली किंमत राहिली नाही. मला हे फार वाईट वाटतं, कारण माणसं सल्ला कसा घेतात यावर कित्येक दशकं प्रयोग झालेत आणि ते बघितले की किंमत नसण्याचा यात फारसा संबंधच नाही असं दिसतं.

मेंदूचा भाग पटकन सांगते. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या डॅनियल एब्रम्स आणि सहकाऱ्यांनी ७ ते १६ वर्षांच्या मुलांना स्कॅनरमध्ये ठेवून आईचा आवाज आणि अनोळखी बायकांचा आवाज ऐकवला, तोही अर्थ नसलेल्या शब्दांचा, एक सेकंदसुद्धा न टिकणारा. लहान मुलांच्या मेंदूतली सुखाची, बक्षिसाची केंद्रं आईच्या आवाजाला जास्त दाद देत होती आणि साधारण तेराव्या वर्षाच्या आसपास हे उलटलं, अनोळखी आवाज जास्त ओढ लावायला लागले. म्हणजे घराबाहेरच्या माणसांकडे कान लागणं हा वाढीचाच भाग आहे. पण याच्या जोरावर "मेंदूच तसा असतो" म्हणून पस्तिशीच्या माणसाचं सगळं वागणं समजावणं मला पटत नाही. तिथे दुसरी कारणं जास्त वजनदार आहेत.

त्यातलं एक जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये मांडलं. निवडीची मोकळीक कोणी कमी करतंय असं नुसतं वाटलं तरी माणूस ती परत मिळवायला बघतो, आणि जे करू नको म्हटलं तेच एकदम हवंहवंसं वाटायला लागतं. आता सज्ञान मुलांनी आपले निर्णय आपण घ्यायचा हक्क नुकता नुकता कमावलेला असतो, आणि तो ज्यांच्याकडून कमावला तेच लोक सल्ला देत असतात. मित्र म्हणाला "दाखवून घे" तर ती माहिती असते, आई म्हणाली की त्यात "तुझं तुला कळत नाही" हेही ऐकू येतं, तिच्या मनात नसलं तरी. अगदी कामाचा मुद्दा मग त्या दुसऱ्या वाक्याखाली दबून जातो.

दुसरं कारण तर आईवडील असण्याशीही बांधलेलं नाही, आपण सगळ्यांचाच सल्ला कमी धरतो. १९९७ मध्ये नायजेल हार्वी आणि इलान फिशर यांना दिसलं की लोक सल्ला ऐकून आपलं मत सल्लागाराच्या दिशेनं साधारण २० ते ३० टक्केच सरकवतात. पुढे २००० साली इलान यानिव्ह आणि एली क्लाइनबर्गर यांनी लोकांना ऐतिहासिक घटनांच्या सालांचा अंदाज करायला लावला, मग दुसऱ्याचा अंदाज दाखवला, तिथेही लोकांनी स्वतःच्या आकड्याला झुकतं माप दिलं. यानिव्ह यांचं स्पष्टीकरण मला फार नेमकं वाटतं: माझं मत कशावरून बनलं ती सगळी कारणं मला आतून दिसत असतात, तुमच्या मतामागची कारणं मात्र मला दिसत नाहीत, फक्त निष्कर्ष दिसतो. आईवडलांच्या सल्ल्यात तर हे फारच होतं कारण त्यांचा पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव आटून एका वाक्यात आलेला असतो. "जामीन राहू नकोस कोणाला." बस, एवढंच. त्यामागे कोणाचं काय झालं, किती वर्षं हप्ते कोण भरत बसलं, हे मुलाला माहीतच नसतं. वाक्य पोचतं, कारण पोचत नाही.

पण माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्याकडे म्हणतात पुढच्यास ठेच मागचा शहाणा. प्रत्यक्षात मागचा तसा शहाणा होत नाही, आणि का होत नाही हे राल्फ हर्टविग, ग्रेग बॅरन, एल्के वेबर आणि इडो एरेव्ह यांच्या २००४ च्या प्रयोगात दिसतं. दोन पर्याय होते, एकात ३ पॉइंट नक्की मिळणार, दुसऱ्यात ८० टक्के वेळा ४ मिळणार आणि २० टक्के वेळा काहीच नाही. हे आकडे ज्यांना लिहून दिले त्यांच्यातल्या ३६ टक्के लोकांनी धोक्याचा पर्याय निवडला. ज्यांना आकडे सांगितले नाहीत, फक्त स्क्रीनवरची बटणं दाबून दाबून स्वतः अनुभव घ्या म्हटलं, त्यांच्यातल्या ८८ टक्के लोकांनी तोच धोक्याचा पर्याय घेतला! कारण थोड्या वेळा बटण दाबलं की ते "काहीच नाही" क्वचित दिसतं, कधी दिसतच नाही, आणि जे दिसलं नाही ते हिशोबातून गळतं.

आता आईवडलांचे सल्ले आठवून बघा, बहुतेक सगळे क्वचित होणाऱ्या पण मोठ्या नुकसानाबद्दल असतात. गाडी हळू चालव, थोडे पैसे बाजूला ठेव, वाचल्याशिवाय सही करू नकोस, तब्येतीची तपासणी करून घे. आणि मुलाचा स्वतःचा अनुभव काय असतो? शंभर वेळा गाडी जोरात चालवली, काही झालं नाही, न वाचता सह्या केल्या, काही झालं नाही. त्याचा डेटा त्याला सांगतोय की आईबाबा उगाच घाबरतात. आईवडलांनी मात्र साठ वर्षांत आपल्याबरोबर नातेवाईक, शेजारी, सहकारी अशा कितीतरी लोकांची आयुष्यं जवळून बघितलेली असतात, त्यामुळे क्वचित होणाऱ्या गोष्टीसुद्धा त्यांनी चार-पाच वेळा घडताना पाहिलेल्या असतात. दोघंही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात, फक्त नमुना लहान-मोठा असतो.

याच्या पुढचा प्रयोग तर प्रत्येक पालकानं माहीत करून घ्यावा असा आहे. बॅरन, स्टीफन लायडर आणि जेनिफर स्टॅक यांनी २००८ मध्ये लोकांना पुन्हा पुन्हा निवड करायला लावली, ज्यात एका पर्यायात अगदी क्वचित मोठा तोटा होता. काहींना या तोट्याची सूचना सुरुवातीलाच दिली, काहींना बराच वेळ सुखरूप खेळून झाल्यावर. सूचना तीच होती. ज्यांना आधी सांगितलं होतं ते नंतरच्या टप्प्यातही जपून खेळत राहिले, आणि ज्यांना उशिरा सांगितलं त्यांच्यावर तिचा परिणाम कमी झाला, कारण तोवर सुखरूप अनुभवाचा ढीग जमला होता. घरात आपण नेमकं उलट करतो, मूल एखादी गोष्ट वर्षभर करत असल्याचं कळलं की मग सांगायला लागतो.

मग पालक पुन्हा पुन्हा का सांगतात? याचंही उत्तर जुनं आहे. १९७१ मध्ये व्हर्न बेंग्टसन आणि जोसेफ कायपर्स यांनी मांडलं की या नात्यात आईवडलांची गुंतवणूक मुलांपेक्षा जास्त असते, आपण उभं केलेलं पुढे चालू राहावं असं त्यांना वाटतं आणि मुलांना आपण वेगळे आहोत हे दाखवायचं असतं. कीरा बर्डिट, कॅरन फिंगरमन वगैरेंनी २००९ मध्ये १५८ कुटुंबांचा अभ्यास केला, मुलं २२ ते ४९ वयाची, त्यातही नोकरी, पैसा अशा मुलांच्या स्वतःच्या आयुष्याच्या विषयांवरचा ताण आईवडलांनीच जास्त तीव्र असल्याचं सांगितलं. मुलगा फोन ठेवून कामाला लागतो, आई रात्रभर विचार करत बसते आणि दुसऱ्या दिवशी परत तेच सांगते.

"पालथ्या घड्यावर पाणी" असं वैतागून म्हणतात ते मात्र बहुतेक वेळा खरं नसतं. १९५१ मध्ये येल विद्यापीठात कार्ल हॉवलंड आणि वॉल्टर वाइस यांनी लोकांना लेख वाचायला दिले. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी शक्य आहे का असा एक विषय, आणि लेख काहींना ओपनहायमर या अणुशास्त्रज्ञाच्या नावानं दिला, काहींना रशियाच्या प्रावदा या वर्तमानपत्राच्या नावानं. असे चार विषय होते. लगेच विचारल्यावर भरवशाच्या नावामुळे २३ टक्के मतं लेखाच्या बाजूला वळली होती आणि बिनभरवशाच्या नावामुळे जेमतेम ६.६ टक्के. पण मजकूर दोन्ही गटांच्या सारखाच लक्षात राहिला होता, आणि चार आठवड्यांनी परत विचारलं तर फरक जवळपास मिटला होता. कोणी सांगितलं ते मागे पडलं, काय सांगितलं ते राहिलं.

हे दरवेळी होत नाही, मुळात मुद्दा पटण्यासारखा दमदार असावा लागतो हे नंतरच्या अभ्यासांत दिसलंय. आणि हे प्रयोग घरातले नाहीत, ही जोड मी लावतीये. पण आई "उगाच घाबरते" हा शिक्का मुलाच्या मनात असला तर तो शिक्का कालांतरानं पुसट होतो आणि मुद्दा उरतो, हे मला फार शक्य वाटतं. वर्षभरानं मुलगा तोच विचार आपलाच म्हणून बोलून दाखवतो, आणि त्यात लबाडी नसते, त्याला खरंच आठवत नाही.

आणि इथेच आपण घोटाळा करतो. १९५३ मध्ये हर्बर्ट केल्मन आणि हॉवलंड यांनी लोकांना एक भाषण ऐकवलं आणि तीन आठवड्यांनी अर्ध्या लोकांना आठवण करून दिली की ते भाषण कोणाचं होतं. नको असलेल्या वक्त्याचं नाव परत समोर आलं आणि वाढलेली सहमती पुन्हा घसरली. "बघ, मी तेव्हाच सांगितलं होतं" हे वाक्य घरात नेमकं तेच काम करतं. श्रेय हवंसं वाटणं अगदी माणसासारखं आहे, पण जे हळूहळू त्याचं झालं होतं ते या वाक्यानं परत तुमचं होतं.

सगळेच सल्ले बरोबर असतात असंही नाही बरं. शरीर, उधारी, माणसं ओळखणं यातला अनुभव जुना होत नाही, पण नोकरीचं क्षेत्र कुठलं निवडावं याबद्दलचा तीस वर्षांपूर्वीचा अनुभव आज चुकीच्या रस्त्यालाही लावू शकतो. तिथे मुलांचा उशीर शहाणपणाचा असतो, आणि पालकांनी तो मान्य करावा.

बोलण्याच्या पद्धतीवर मात्र बरंच हाती लागलंय. विल्यम मिलर यांनी १९९३ मध्ये दारूच्या त्रासातल्या लोकांवर काम करताना पाहिलं की समुपदेशक जितका समोरून भिडत होता तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त निघालं. बो फेंग यांनी २००९ मध्ये दाखवलं की आधी भावना समजून घ्यायच्या, मग प्रश्न नीट विचारून अडचण उलगडायची आणि मग सल्ला द्यायचा, या क्रमानं दिलेला सल्ला लोकांना सगळ्यात चांगला वाटतो. मिलर यांच्या पद्धतीत तर माहिती देण्याआधी परवानगी विचारतात, "मला एक सुचतंय, सांगू का?" एवढंच. आणि "आत्ता नको" असं उत्तर आलं तर त्या दिवशी खरंच थांबायचं, कारण नाही म्हणायची मोकळीक खरी असेल तरच ब्रेम म्हणतात तो विरोध मनात उठत नाही.