श्लीफेनचं टिपण आणि मोल्टकेची मोहीम

'श्लीफेन योजना १९१४ मध्ये मार्न नदीवर फसली' हे वाक्य पहिल्या महायुद्धावरच्या बहुतेक लेखांत भेटतं. पण फ्रान्समधल्या मार्नवर जी फसली ती मोहीम श्लीफेननंतर जर्मन जनरल स्टाफचा प्रमुख झालेल्या धाकट्या मोल्टकेची होती. श्लीफेन त्याआधी दीड वर्षाहून जास्त, जानेवारी १९१३ मध्येच वारला होता.

आल्फ्रेड फॉन श्लीफेन १८९१ पासून जर्मन जनरल स्टाफचा प्रमुख. निवृत्तीच्या तोंडावर त्याने एक टिपण लिहिलं, त्यावर तारीख डिसेंबर १९०५ची. ते एकट्या फ्रान्सशी लढण्याबद्दल होतं, कारण रशिया नुकताच जपानकडून हरून खिळखिळा झाला होता. बेल्जियम आणि हॉलंडच्या मास्ट्रिख्टजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यातून प्रचंड उजवी फळी न्यायची आणि पॅरिसला पश्चिमेकडून वळसा घालायचा, असा बेत. गंमत अशी की या कागदावर चालणाऱ्या कित्येक तुकड्या जर्मनीकडे नव्हत्याच. एवढ्या कामाला आपलं बळ अपुरं आहे, हे खुद्द टिपणातच आहे! म्हणून काही अभ्यासक त्याला युद्धाचा आराखडा न म्हणता सैन्य वाढवून मागणारा अर्ज म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. वळशाची कल्पना त्याने गांभीर्यानेच मांडली होती.

१९१४ची मोहीम वेगळ्या परिस्थितीतली. रशिया सावरला होता, त्यामुळे सात सैन्यं पश्चिमेला आणि आठवं पूर्व प्रशियात. फ्रान्सच्या सीमेवरच्या लॉरेनकडची डावी फळीही मोल्टकेने भक्कम केली. सर्वांत मोठा फरक मात्र हॉलंडचा. ब्रिटिश नौदलाने नाकेबंदी केली तर माल आणायला तटस्थ हॉलंडची वाट उघडी राहावी, म्हणून त्याने तिथून जायचं टाळलं. मग लाखोंचं सैन्य बेल्जियमच्या लीएजजवळच्या अरुंद वाटेत कोंबावं लागणार, आणि तिथे किल्ल्यांचं कडं. ते फोडायचं तर बेल्जियम सावध व्हायच्या आत, म्हणजे युद्ध पुकारल्यावर लगेच झडप घालायला हवी. ५ ऑगस्टच्या रात्री हल्ला झाला. शेवटचा किल्ला १६ तारखेला पडला. मुत्सद्द्यांना वाटाघाटींसाठी दिवस उरू नयेत, अशी ही रचना होती. त्यात सगळा जोर पूर्वेला लावण्याची पर्यायी योजना १९१३ मध्येच बासनात गेलेली. त्यामुळे १ ऑगस्टला कैसरने 'सगळं सैन्य रशियाकडे वळवा' म्हटलं, तेव्हा मोल्टकेने ते अशक्य असल्याचं सांगितलं.

ही गल्लत रुजली त्यात जर्मन सेनाधिकाऱ्यांचा मोठा हात आहे. युद्धानंतर जनरल ग्रोनर वगैरे मंडळींनी 'अचूक योजना मोल्टकेने पातळ केली' असा सूर लावला. दोष एका माणसावर गेला की जनरल स्टाफची अब्रू शाबूत राहते. मूळ टिपण १९५६ मध्ये इतिहासकार गेरहार्ड रिटरने छापलं, तोवर ते बहुतेकांनी वाचलेलंच नव्हतं.

मोल्टकेच्या चुका होत्याच. ऐन लढाईत त्याने दोन कोअर (मोठ्या सैन्यतुकड्या) पूर्वेला पाठवली आणि ती रशियाविरुद्धची टॅनेनबर्गची लढाई संपल्यावर पोहोचली. पण उजवी फळी आणखी जाड असती तरी तिला रसद कुठून मिळाली असती? बेल्जियनांनी रेल्वेचे पूल आणि बोगदे उडवले होते. उजव्या टोकावरच्या सैन्याचा सेनापती क्लुक याचे शिपाई रेल्वेला मागे टाकून पायी चालत दमले होते, आणि तेही पॅरिसच्या पूर्वेकडूनच वळून. श्लीफेनचा पश्चिमेचा वळसा त्याहून लांबचा होता.