गिअरबॉक्सची गळती: सीलआधी ब्रीदर बघा

जुन्या ट्रकखाली गिअरऑईलचा डाग दिसला की पहिल्यांदा ऑईल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी रिंग, बदललं जातं. गाडी आठ-पंधरा दिवस कोरडी राहते, मग पुन्हा थेंब सुरू. 'हल्ली सील चांगली येत नाहीत' म्हणून विषय संपतो. पण बहुतेक वेळा सीलचा दोष नसतो. एक तर हाऊसिंगमध्ये (गिअरबॉक्सच्या पेटीत) दाब साठलेला असतो, नाहीतर शाफ्टवर चर पडलेला असतो. हे दोन्ही तपासल्याशिवाय नवं सील बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

थेंबाकडे दुर्लक्ष मात्र नको. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला 1440. तीस-पस्तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी महिन्याला सव्वा लिटर तेल जमिनीवर जातं.

आधी गळतीचं मूळ शोधा. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, म्हणून थेंब पडतो एकीकडे आणि तेल निघतं दुसरीकडे. गिअरबॉक्स डिझेल आणि ब्रशने धुवा, कोरडा पुसा, वर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी मारा आणि दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. भुकटी जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे ओली झाली असेल, तिथून तेल निघतंय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेसारख्या कव्हरच्या, म्हणजे बेल हाऊसिंगच्या, खालच्या भोकातून थेंब येत असेल तर बोटावर घेऊन बघा. काळं आणि पातळ असेल तर ते इंजिनच्या मागच्या सीलचं. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरबॉक्सचं.

आता ब्रीदर. वरच्या कव्हरवर अंगठ्याएवढी टोपी असते, बहुतेक गाड्यांवर ती चिखल आणि तेलाच्या लगद्याखाली गाडलेली सापडते. तिचं काम आतल्या हवेला वाट देणं. सकाळी 30 अंशांवर असलेली हवा घाट चढताना 90 अंशांवर गेली आणि बाहेर पडायला वाट नसली, तर दाब सुमारे वीस टक्के वाढतो, म्हणजे बाहेरच्यापेक्षा 0.2 बार जास्त. आकडा छोटा वाटतो, पण साधं ऑईल सील दाब अडवण्यासाठी केलेलंच नसतं. सीलच्या ओठाखालून, म्हणजे शाफ्टला लागून असलेल्या रबरी कडेखालून, तेल ढकलायला एवढा दाब पुरतो. उलटंही घडतं. तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि त्याच ओठातून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर हेच समजा.

इलाजाला जवळजवळ काहीच खर्च नाही. ब्रीदर काढा, रॉकेलमध्ये भिजवा, बारीक तारेने भोक मोकळं करा, तोंडाने फुंकून हवा जाते का बघा. गरम गाडीचा ब्रीदर सैल करताना 'फुस्स' आवाज आला तर रोग सापडलाच. चिखलाच्या वाटेवरच्या गाडीला ब्रीदरच्या जागी नळीचं निप्पल बसवून रबरी नळी चॅसीच्या उंचीपर्यंत न्या आणि तोंड खाली वाकवून बांधा. मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. थेंब थांबला तर पुढचं काही उघडायची गरज नाही.

नाही थांबला तर मागचा फ्लँज, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडलेली गोल चकती, धरून वरखाली हलवा. हाताला जाणवेल एवढा प्ले (ढिलेपणा) असेल तर बेअरिंग गेलंय, तिथे कुठलंही सील टिकणार नाही. प्ले नसेल तर चाकांना पुढेमागे दगड लावून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवा, फ्लँज ओढून काढा आणि सील फिरतं त्या चकचकीत पट्ट्यावरून नख फिरवा. सीलचा ओठ धातूला प्रत्यक्ष टेकत नाही, मधे तेलाचा अतिशय पातळ थर असतो. त्या थरात अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी घासत राहते आणि मऊ रबर चक्क लोखंडात चर पाडतं. नख अडकलं म्हणजे नवं सील त्याच खड्ड्यावर बसून गळणार.

इथली युक्ती सोपी आहे. नवं सील जुन्या जागेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर अलीकडे ठोका, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर फिरेल. फ्लँज सीलला घासत नाही ना, तेवढं आधी मोजून घ्या. चर रुंद असेल तर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते, ती नव्या फ्लँजपेक्षा स्वस्त पडते. पॉलिश पेपर मारायचा तर गोल फिरवतच मारा. तिरके ओरखडे स्क्रूसारखे वागतात आणि तेल बाहेर पंप करतात.

सीलवर 60×80×10 असे आकडे असतात: शाफ्टचा व्यास, भोकाचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. तेवढ्यावर बेअरिंगच्या दुकानात सील मिळतं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला तेल लावून, जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग वर ठेवून चहूबाजूंनी सारखं ठोका. फ्लँज चढवताना आट्यांवर, नट-वॉशरच्या खाली, थोडा सिलिकॉन (फटी बुजवणारी पेस्ट) लावा, कारण तेल आट्यांतूनही बाहेर येतं आणि बदनाम सील होतं. सीलची स्प्रिंग कापून घट्ट करायची सवय मात्र सोडा. घर्षण वाढतं, ओठ जळतो आणि चर आणखी खोल जातो.

कव्हरमधून गळत असेल तर जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, थिनरने पुसा आणि कव्हर काचेवर पालथं ठेवून डुगडुगतं का बघा. गिअरबॉक्सच्या बाजूचं भोक झाकणारी पत्र्याची पीटीओ प्लेट बोल्टच्या भोकांशी फुगलेली असते, ती सपाट ठोकून घ्या. सिलिकॉनची दोन मिलिमीटरची एकच रेघ, भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलेला आत पिळून तुटतो आणि तेलाच्या वाटा बुजवतो. 8 मिलिमीटरच्या बोल्टला 20 ते 25 न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे वीतभर पान्यावर बारा किलोच्या आसपास जोर. आरपार भोकांतल्या बोल्टच्या आट्यांनाही सिलिकॉन लावा. तेल भरण्याआधी रात्रभर, जमल्यास 24 तास थांबा.

ड्रेन प्लगचं तांब्याचं वॉशर दाबून दाबून ताठर होतं. ते मंद लाल होईपर्यंत तापवलं की पुन्हा मऊ पडतं, नवं घ्यायला नको. हाऊसिंगच्या चिरेला इपॉक्सी चालते, पण चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडल्यावरच, आणि बोल्टच्या कानाजवळ मुळीच नाही. गळती थांबवायला 140 नंबरचं जाड तेल किंवा ग्रीस भरू नका. गिअर जड पडतात आणि बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही. पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या) असतील तर कंपनीने सांगितलेली तेलाची श्रेणी, बहुधा जीएल-4, सोडू नका. जीएल-5 मधली काही रसायनं पितळ खातात.

तेल भरताना गाडी सपाट जागी आणि थंड हवी. लेव्हल प्लगच्या भोकाच्या खालच्या काठाशी तेल आलं की थांबा. वर भरलेलं तेल फेसाळून ब्रीदरमधून बाहेर येतं आणि तीच नवी गळती वाटते.