बुडबुडे थांबले म्हणून बिअर ओतून देऊ नका

रात्री साडेदहाला लेस्टरहून मित्राचा फोन आला. आवाज असा, की घरात कुणी आजारी असावं. "अरे, दोन दिवस झाले, एकही बुडबुडा नाही. वीस लिटर आहे. ओतून देऊ का सिंकमध्ये?"

घरी बिअर करायला लागलेल्या माणसाचा हा पहिला फोन ठरलेलाच असतो. इंग्लंडात आल्यापासून मीही हा उद्योग करतोय आणि असे फोन मीही केलेत. मित्राचं सगळं लक्ष एअरलॉककडे होतं. एअरलॉक म्हणजे बादलीच्या झाकणात खोचलेली, थोडं पाणी भरलेली वाकडी नळी. आतला वायू पाण्यातून बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही.

"झाकण उघड. आतल्या बाजूला, पातळीच्या वर, तपकिरी फेसाचा वाळलेला पट्टा दिसतोय?"

दिसत होता. म्हणजे यीस्टनं काम केलं होतं, फक्त वायू नळीतून न जाता दुसरीकडून पसार झाला होता. आणि तो काही थोडाथोडका नसतो. पाच टक्क्यांची वीस लिटर बिअर तयार होताना सुमारे ८०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खोलीच्या तापमानाला तो ४०० लिटरच्या वर भरतो. एका बादलीतून वीस बादल्या वायू! पण त्याला जोर लावायची सवय नाही. एअरलॉकमधल्या दोन सेंटिमीटर पाण्याचा अडसर हवेच्या दाबाच्या जेमतेम पाचशेवा हिस्सा असतो. तरी झाकणाला केसाएवढी फट मिळाली, की वायू तिथूनच निघून जातो. उलटही होतं. बिअर कधीच तयार झालेली असते, दुपारी खोली तापते, बिअरमध्ये विरघळलेला वायू सुटतो आणि नळी पुन्हा बुडबुडायला लागते. थोडक्यात, एअरलॉक हा दरवाजा आहे, मापक नव्हे.

मापक म्हणजे हायड्रोमीटर. दूधवाल्याच्या दुधात पाणी किती हे बघायचा लॅक्टोमीटर असतो ना, त्याचाच हा भाऊ. द्रव जितका साखरेनं दाट, तितकी काचेची नळी वर तरंगते. शिजवलेल्या माल्टचं (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, ज्याला इथे वर्ट म्हणतात, सुरुवातीला १.०५० दाखवतं, यीस्टनं साखर खाल्ली की १.०१० च्या आसपास येतं. फरकाला १३१ नं गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते, इथे सव्वापाच. जॉन रिचर्डसन नावाच्या इंग्रज बिअरवाल्यानं १७८४ मध्ये या मोजणीवर पुस्तक लिहिलं. त्याआधी बहुतेक कारभार जिभेवर आणि अंदाजावर चालायचा. मोजायला लागल्यावर कळलं, की गडद भाजलेल्या स्वस्त माल्टमधून साखर इतकी कमी निघते, की फिकट महाग माल्टच शेवटी परवडतं. लंडनच्या काळ्या पोर्टर बिअरची अख्खी पाककृती या मापकानं बदलली.

पण हीच काचेची नळी फसवतेसुद्धा. तिच्या आत मापाची कागदी पट्टी चिकटवलेली असते आणि टपालात आदळआपट झाली की ती सरकते. म्हणून नवी नळी आधी २० अंशांच्या साध्या पाण्यात सोडायची. १.००० दाखवलं तर ठीक, १.००४ दाखवलं तर ते चार अंक कायम वजा करायचे. फेकून द्यायची गरज नाही. दुसरी चूक मी स्वतः वर्षभर केली: वर्ट गरम असतानाच मोजायचं. पाणी ४० अंशांना २० अंशांपेक्षा एवढं पातळ होतं, की मापात सहा अंक कमी दिसतात. माझी प्रत्येक बिअर कागदावर माझ्या अपेक्षेपेक्षा सौम्य निघत होती आणि मी दोष देत होतो माल्टवाल्याला. मापताना नळी एकदा गरकन फिरवायची, म्हणजे तिला चिकटलेले बुडबुडे सुटतात. नाहीतर ते तिला वर उचलून धरतात.

नवशिके मला विचारतात, पहिले पैसे कशावर घालू? त्यांच्या डोळ्यांसमोर शंकूच्या आकाराचं चकचकीत स्टीलचं भांडं असतं. मी सांगतो, थर्मामीटर. माल्टमधला स्टार्च गरम पाण्यात मोडून त्याची साखर होते, ती दोन विकरांच्या करामतीनं. एकाला ६२ ते ६५ अंश मानवतात आणि ते यीस्टला सहज खाता येईल अशी साखर करतं. दुसऱ्याला सत्तरच्या आसपास बरं वाटतं. त्याच्या साखरेतला बराचसा भाग यीस्टला पचत नाही आणि बिअर जाडसर, गोडसर राहते. तुमचा थर्मामीटर चार अंशांनी चुकला, तर तुम्ही एक बिअर करायला घेतलीत आणि दुसरीच तयार झाली. तपासणी फुकटात होते. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यात शून्य, उकळत्या पाण्यात १००. (पुण्यात ९८ दिसले तर थर्मामीटरला बोल लावू नका. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर पाणी तेवढ्यालाच उकळतं.) उष्णता आणि यांत्रिक कामाचं नातं ज्यानं मोजून दाखवलं, तो जेम्स जूल मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डमधल्या बिअरवाल्याचा मुलगा होता. अंशाच्या शतांशातले फरक मोजल्याचं त्यानं सांगितलं तेव्हा भल्याभल्यांना ते पटेना. बिअरच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला मात्र तापमानाची किंमत ठाऊक असणारच.

वर्ट गार करून त्यात यीस्ट घालणं आपल्याला नवं नाही, विरजण लावतो तेच. फार गरम असताना घातलं तर जंतू मरतात, आणि योग्य वेळी घातलं तरी काम संपत नाही, कारण यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. जोमात असताना बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच अंश जास्त असतं. भिंतीवरचा थर्मामीटर २१ दाखवतो, आत २५. अशा उन्हाळी बिअरला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. म्हणून मोजायचं ते बादलीचं तापमान. बाहेरून तापमापकाची तार चिकटवायची आणि वर फोमचा तुकडा लावायचा, म्हणजे खोलीची हवा तिला फसवत नाही.

गार करायला फ्रीज विकत घेतलाच पाहिजे असं नाही. बादली पाण्याच्या परातीत ठेवून तिला जुना सुती टी-शर्ट चढवा, टोक परातीत बुडवा आणि समोर पंखा लावा. हा आपला माठच. वीस लिटर द्रव एका अंशानं उतरवायला फक्त ३५ मिलिलिटर पाण्याची वाफ व्हावी लागते, म्हणजे अर्धा कप चहासुद्धा नाही. इंग्लंडातल्या कोरड्या उन्हाळ्यात यानं चार-पाच अंश सहज मिळतात. मुंबईच्या जुलैत हा खटाटोप वाया जाईल. त्या हवेत माठसुद्धा रुसतो.

आता उकळण्याच्या भांड्याची गोष्ट. मी विजेवर चालणारं, ३० लिटरचं, तळाशी तीन किलोवॅटची पट्टी बसवलेलं भांडं घेतलं. इथल्या १३ अँपिअरच्या प्लगातून यापेक्षा जास्त वीज निघतच नाही. २७ लिटर वर्ट ६५ वरून उकळीपर्यंत न्यायला अर्धा तास लागतो. अमेरिकेतल्या साध्या ११०-१२० व्होल्टच्या प्लगावर याच्या दुप्पट वेळ लागेल, म्हणून तिथले बरेच लोक अंगणात गॅसच्या शेगडीवर उकळतात. तर रात्री अकरा वाजता, उकळी फुटून दहा मिनिटं झाली आणि भांडं बंद. बटण दाबलं, पुन्हा चालू. पाच मिनिटांत पुन्हा बंद. फ्यूज ठीक, प्लग ठीक, विक्रेत्याला पाठवायचं तिखट पत्र डोक्यात लिहून तयार. सगळं दुसऱ्या भांड्यात उपसलं तेव्हा तळ दिसला: पट्टीवर नेमक्या तिच्याच आकाराचा काळा थर. माल्ट जास्त बारीक दळलं होतं, त्याचं पीठ खाली बसून करपलं होतं. दूध ढवळलं नाही की लागतं, तसं. करपलेला थर उष्णता वर जाऊ देत नाही, पट्टी भलतीच तापते आणि खालचा सुरक्षेचा स्विच वीज तोडतो. भांडं अगदी शहाण्यासारखं वागत होतं. तेव्हापासून दळण जाडसर, आणि उकळी फुटेपर्यंत हातात लाकडी उलथणं.

दळण गाळायची माझी पद्धत बघून आमच्या आत्या हसल्या होत्या. पाच किलो माल्ट जाळीदार कापडाच्या मोठ्या पिशवीत भरून भांड्यात शिजवायचं आणि मग पिशवी वर उचलून छताच्या हुकाला टांगायची. "हा तर चक्का!" चक्काच आहे. ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी ही पिशवीची रीत रूढ केली आणि गाळायचं वेगळं भांडं, नळ्या, जाळ्या हे सगळं घरातून गेलं. हुक मात्र पक्का हवा, कारण ओलं माल्ट दहा किलोच्या घरात जातं आणि खाली भाजेल इतकं गरम पाणी असतं.

प्लॅस्टिकची बादली स्वस्त आहे आणि चांगली आहे, फक्त ती काथ्यानं किंवा तारेच्या घासणीनं घासायची नाही. ओरखड्यात जंतू घर करतात आणि तिथे निर्जंतुकीकरणाचं पाणी पोचत नाही. वास्तविक बिअर आंबट होत राहिली तर बादलीच्या आधी तोटी खोलून बघा. चकती आणि दट्ट्या यांच्यामध्ये जे सापडतं त्याचं वर्णन जेवणाआधी करत नाही. आणि दवाखान्यासारखा वास येत असेल, तर बहुधा नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळलेलं असतं. वीस लिटर पाण्यात मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी आधीच विरघळवली की क्लोरीन जातं.

खरा धोका बाटलीत असतो. बाटली भरताना लिटरला सहा ग्रॅम साखर घालतात, यीस्ट ती खाऊन फेस आणतं आणि आतला दाब मोटारीच्या टायरच्या जवळ जातो. पण बिअर १.०१० ऐवजी १.०१४ वरच असताना घाईनं भरली, तर उरलेली साखरही बाटलीतच खाल्ली जाते आणि दाब दुप्पट होतो. मग कपाटात रात्री काच फुटते. म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि आकडा हलत नसेल तरच बूच लावायचं.

इथे १९६३ पासून या छंदाला परवाना लागत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये त्याला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली, तरी अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं २०१३ पर्यंत अडून बसली होती. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, त्यामुळे सुट्टीत गावी गेलात तर पिशवीत फक्त चक्का टांगा.

लेस्टरच्या बादलीनं त्या रात्री १.०१४ दाखवलं आणि पाचव्या दिवशी १.०१०, तिथे ती थांबली. फट कुठे होती, हे कळायला आणखी एक आठवडा लागला. झाकणाच्या भोकात एअरलॉकभोवती एक रबरी वायसर बसतं. ते खोक्यातून निघालं तेव्हा वहिनींनी कुकरच्या शिट्टीचं समजून खणात टाकलं होतं, आणि मित्रानं सैल नळीभोवती चिकटपट्टी गुंडाळली होती.