मुक्ती मिशन (केडगाव)

मुक्ती मिशन हे पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात केडगावला असलेलं ख्रिस्ती मिशन. पंडिता रमाबाईंनी ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू केलं आणि ते आजही चालू आहे. (नगरजवळ अजून एक केडगाव आहे, ते वेगळं, बरेच जण गोंधळतात. हे केडगाव पुणे-दौंड रेल्वे लाईनवरचं.) विधवा, नवऱ्याने टाकलेल्या बायका, दुष्काळात अनाथ झालेल्या मुली, फसवून वाईट मार्गाला लावलेल्या बायका, अंध आणि म्हाताऱ्या बायका अशा सगळ्यांना आसरा द्यायचा हे इथलं एक काम. आणि त्यांच्यातूनच शिक्षिका, मेट्रन, नर्स, प्रेसमधल्या कामगार, गावोगाव जाऊन सुवार्ता सांगणाऱ्या बायबल बाया तयार करायच्या हे दुसरं. लिहिताना दोन कामं म्हणून लिहावं लागतं, पण रमाबाईंच्या डोक्यात ती दोन नव्हतीच. मुक्ती समजून घ्यायचं असेल तर हीच गोष्ट धरून ठेवावी लागते असं मला वाटतं, कारण आसरा देणाऱ्या संस्था तेव्हाही होत्या आणि आताही आहेत, पण आत आलेल्या बाईच्या हातात उद्या हीच संस्था द्यायची आहे असं पहिल्या दिवसापासून धरून चालणाऱ्या फार कमी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्या काळात बाईला संस्कृत शिकवणं म्हणजे पापच समजायचे, तरी या माणसाने आधी बायकोला, लक्ष्मीबाईंना, शिकवलं आणि मग लक्ष्मीबाईंनी मुलीला. घर कसलं, सगळं आयुष्य तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरण्यात गेलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली, आणि रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे त्यांचं संस्कृत ऐकून पंडित मंडळींनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय लग्न झालं, १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवराही गेला. म्हणजे चोविसाव्या वर्षाच्या आत ही बाई अनाथ, विधवा आणि एका तान्ह्या पोरीची आई. पुढे दुष्काळातल्या मुलींना आणायला त्या स्वतः का धावल्या ते वेगळं समजावून सांगायची गरज नाही, उपाशीपोटी चालणं म्हणजे काय ते त्यांना माहीतच होतं.

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि सांगितलं की बायकांसाठी बाई शिक्षिका आणि बाई डॉक्टर पाहिजेत. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे वाँटेज गावच्या सिस्टर्सकडे (ख्रिस्ती जोगिणींकडे) राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मनोरमेसकट बाप्तिस्मा घेतला. इथे एक गोष्ट लोक विसरतात. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या कुणाच्या आज्ञेत गेल्या असं अजिबात झालं नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार असं निघाल्यावर बिशप लोकांनी हरकत घेतली तर यांनी सरळ विचारलं की माझ्या देशात मी पुरुषांसमोर भाषणं केली, तेव्हा काही बिघडलं नाही, मग आता काय? वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की कळतं, श्रद्धा मान्य पण माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाकडे गहाण टाकणार नाही हे त्या किती ठामपणे लिहीत होत्या. पुढे केडगावला ज्या बायका त्यांच्या हाताखाली तयार झाल्या त्यांच्यासमोर पुढारी बाई कशी असते याचा हा नमुना रोज चालताबोलता होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाला त्या अमेरिकेत गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, तिने दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. ते पुस्तक नुसतं रडगाणं नाही. बालविवाह, केशवपन, आलवण नेसून अंधाऱ्या खोलीत बसलेली दहा-बारा वर्षांची पोर, नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा कोर्टातला खटला, हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी मागणी काय, तर या बायकांना स्वतःच्या पायावर उभं राहता येईल असं शिक्षण आणि त्यांना शिकवायला त्यांच्याच देशातल्या बायका.

याच पैशांवर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवांसाठी शाळा आणि राहायची सोय, सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, धोंडो केशव (अण्णासाहेब) कर्व्यांच्या मित्राची बहीण, १८९३ मध्ये कर्व्यांशीच तिचं लग्न झालं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी जे काम उभं केलं त्याच्या मुळाशी शारदा सदनाची ही ओळख आहे, हे महाराष्ट्रात मोकळेपणाने सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

सदनात धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले सोवळेओवळे, उपासतापास पाळावेत असं ठरलं होतं. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं ठेवायच्या, ज्या मुलीला यायचं ती येऊन बसायची. यावरून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. केसरीने झोड उठवली, सल्लागार मंडळातल्या रानडे आणि भांडारकरांनी राजीनामे दिले, पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या. दोन्ही बाजू ऐकल्या तर पालकांची भीती खोटी नव्हती, तटस्थ म्हणून पोर ठेवली आणि ती बायबल वाचायला लागली तर आईबाप हादरणारच. पण त्याच पालकांच्या घरात त्या पोरीची काय जागा होती हे पण विचारायला हवं, आणि ते विचारणारे तेव्हा फार थोडे होते. १८९८ मध्ये असोसिएशनची दहा वर्षं संपली आणि तोपर्यंत केडगावचं काम उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच चालू झालेलं होतं, लपवाछपवी उरली नाही.

केडगावची जमीन आधी शेतासाठी घेतली होती, साधारण १०० एकर, फळबाग करावी आणि संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांमध्ये आणि अन्नछत्रांमध्ये तरण्या मुलींना भाकरीच्या मोबदल्यात काय काय सोसावं लागतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहूनही ठेवलं. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या, पण तेवढ्यात पुण्यात प्लेग, शहरात इतक्या मुली ठेवायला परवानगी नाही, म्हणून त्यांना केडगावच्या मोकळ्या रानात नेलं. आधी झोपड्या, मग विहिरी, मग दगडी इमारती. त्याच प्लेगच्या काळात सरकारी दवाखान्यात बायकांशी होणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, त्यावर इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारला गेला. ख्रिस्ती असून गोऱ्या सरकारची भीड ठेवली नाही. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या आसपास गेला.

दोन हजार माणसं सांभाळायची कुणी? बाहेरून आलेल्या मिशनरी बाया मूठभर. इथेच शारदा सदनात आधी शिकलेल्या मुली उपयोगी पडल्या. मोठ्या मुलीकडे धाकट्यांचा एक गट सोपवायचा, त्यांना न्हाऊमाखू घालणं, खरूज-उवा काढणं, रात्री घाबरून उठल्या तर जवळ घेणं, सकाळी अक्षरं गिरवून घेणं, सगळं तिच्याकडे. कालपर्यंत जी स्वतः 'पांढऱ्या पायाची' म्हणून शिव्या खात होती ती आज वीस पोरींची आई आणि बाई. आता याला ट्रेनिंगचं मोठं नाव देतात, तिथे ते पोटाच्या गरजेतून आलं. बरोबर हाताला काम पण शिकवायचे, विणकाम, शिवण, तेलघाणा, गोठा, शेती, स्वयंपाक, छपाई. ज्यांना कुणीतरी फसवलं होतं, ज्यांचा उपभोग घेऊन सोडून दिलं होतं, त्यांच्यासाठी कृपा सदन वेगळं काढलं. त्या काळात भल्या घरची माणसंसुद्धा अशा बाईला दारात उभी करत नव्हती, तिथे तिच्यासाठी 'कृपा' हा शब्द वापरला. म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीती सदन. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं, मग त्यातल्याच काही दुसऱ्या अंध मुलींना शिकवायला लागल्या.

१८९८ मध्ये मिनी एब्रम्स या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) पंथाच्या अमेरिकन मिशनरी बाई मुक्तीत आल्या आणि बायबल शिकवणं, प्रचाराला मुली तयार करणं हे काम नीट लागलं. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी विचारलं की रोज एकत्र येऊन देशासाठी प्रार्थना कोण करणार, सुरुवातीला ७० जणी पुढे आल्या, जूनपर्यंत त्या ५५० झाल्या आणि दिवसातून दोनदा जमायला लागल्या. मग गावांमध्ये जायला कोण तयार आहे असं विचारलं, तीसेक मुलींनी नावं दिली. जूनच्या शेवटी तिथे जे घडलं त्याला ख्रिस्ती इतिहासात मुक्तीचं संजीवन म्हणतात, मुली रडत होत्या, मोठ्याने पापं कबूल करत होत्या, अंगाला आग लागल्यासारखं वाटतंय म्हणत होत्या. जगभरच्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती चळवळीचा इतिहास लिहिताना आता केडगावचं नाव घ्यावंच लागतं. श्रद्धा असो वा नसो, मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की त्या सभांमध्ये उभं राहून बोलणाऱ्या, प्रार्थना चालवणाऱ्या आणि मग टोळ्या करून खेड्यात जाणाऱ्या या सगळ्या आधी सासरी-माहेरी तोंडातून शब्द काढायची परवानगी नसलेल्या मुली होत्या. चर्चमध्ये पाळक पुरुषच असायचे त्या काळात हे झालं.

प्रेसची गोष्ट जरा सविस्तर सांगायला पाहिजे. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृतने जड झालेलं, खेड्यातल्या बाईला कळायचं नाही, म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून सोप्या मराठीत सगळं बायबल एकटीने भाषांतर केलं. यात वर्षानुवर्षं गेली. आणि छापलं कुणी, तर मुक्तीतल्याच मुलींनी. खिळे जुळवणं म्हणजे डोळे आणि बोटं दोन्हींची परीक्षा, समोर खणांमध्ये शिशाचे शेकडो खिळे, प्रत्येक अक्षर उलटं, काना-मात्रा-जोडाक्षरं सगळी ध्यानात ठेवून एकेक उचलून ओळ भरायची, एक वेलांटी चुकली तर प्रूफ परत. दोन-चार वर्षांपूर्वी ज्यांना ग म भ न येत नव्हतं त्या मुली हे करत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. शेवटची प्रुफं तपासून होईपर्यंत आयुष्य दे एवढंच त्या मागत होत्या असं सांगतात. संपूर्ण बायबल त्यांच्यामागे १९२४ मध्ये बाहेर पडलं.

सगळ्यात मोठा घाव त्याच्या आधीच बसला होता. मनोरमाबाई, ज्यांना रमाबाईंनी आपल्यामागे काम चालवायला तयार केलं होतं, ज्या शारदा सदनाची शाळा बघत होत्या आणि ज्यांनी गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली, त्या जुलै १९२१ मध्येच वारल्या. आईने मुलीला पुरलं. पुढारी तयार करणाऱ्या बाईचा तयार केलेला पुढारी हातातून गेला, आणि तरी मुक्ती बंद पडली नाही, कारण तोपर्यंत काम एका घरात राहिलं नव्हतं. पुढची सूत्रं लिसा हेस्टी या मिशनरी बाईंकडे गेली.

आक्षेप तेव्हाही होते आणि आताही आहेत. उपाशी पोरीला भाकरी देऊन धर्म दिला, हे आमिष नाही का? प्रश्न योग्यच आहे आणि मुक्तीबद्दल लिहिणाऱ्याने टाळू नये. आश्रितांवर दडपण नसतं असं म्हणणं भाबडेपणा होईल, ज्याचं खातो त्याच्या देवाला हात जोडणं सहज होतं. पण रमाबाईंनी त्यांना परदेशी मेमसाहेब केलं नाही, स्वतः पांढरी साडी, जन्मभर शाकाहारी, भजनं मराठी, भाषा मराठी.

आजचं काम कायद्याच्या चौकटीत बसवावं लागतं. आसऱ्याची गरज असलेली मुलं आता बाल कल्याण समितीच्या आदेशानेच बालगृहात ठेवता येतात. मारहाण होणाऱ्या बाईसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी आहे, राहत्या घरात राहायचा हक्क आहे, शिवाय बायकांसाठी १८१ ही हेल्पलाईन आहे, म्हणजे रखमाबाईंच्या वेळी जे कोर्टात मिळत नव्हतं ते निदान कागदावर तरी आहे. तरीपण रात्री अकरा वाजता लेकराला कडेवर घेऊन निघालेल्या बाईला कलम नको असतं, आधी दार उघडणारं कुणीतरी लागतं, मग गरम जेवण, अंथरूण, आणि आठवडाभर कुणी काही विचारू नये एवढी शांतता. मुक्तीत शाळा, दवाखाना, मुलींची आणि बायकांची घरं, चर्च असं सगळं एकाच आवारात आहे, रमाबाईंची कबर केडगावलाच आहे, आणि लहानपणी आसऱ्याला आलेल्या कितीतरी जणींनी पुढे तिथेच शिक्षिका, नर्स, मुलींना सांभाळणाऱ्या बाई म्हणून आयुष्य काढलं आहे.