सिक्लिड मासे, मोठे व आक्रमक : घरगुती पालन

सिक्लिड हे प्रामुख्याने गोड्या पाण्यात राहणाऱ्या माशांचे कुल. आफ्रिका, दक्षिण व मध्य अमेरिका, मादागास्कर, दक्षिण भारत आणि श्रीलंका एवढ्या पसाऱ्यात त्याच्या दीड हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या काही वीतभर ते हातभर वाढतात आणि पाण्याचा ठरावीक तुकडा आपला मानून तिथे दुसऱ्या माशाला फिरकू देत नाहीत. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, जॅक डेम्प्सी, टेक्सास, ग्रीन टेरर, रेड डेव्हिल, जग्वार ही त्यांची हौशी लोकांत रुळलेली नावे. हे मासे पाळणे फार अवघड नाही. मात्र दोन इंचांचे पिल्लू पाहून दोन फुटांची पेटी घेतली जाते आणि पुढचे जवळजवळ सगळे हाल त्या एका चुकीतून होतात. म्हणून या नोंदीत जागा आणि पाणी यांवर जास्त लिहिले आहे.

सिक्लिडच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढचे तोंड भक्ष्य धरते, घशातले जबडे ते चिरडतात. बहुतेक माशांना नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन छिद्रे असतात, सिक्लिडला एकेकच. अंडी घालून निघून जाणाऱ्यांतला हा मासा नव्हे. या नोंदीतल्या जातींत नर-मादी मिळून एखादा सपाट दगड तोंडाने घासून साफ करतात, अंड्यांवर परांनी पाणी ढाळत राहतात, पिल्ले पोहू लागली की त्यांच्याभोवती पहारा देतात. आक्रमकपणाचे मूळ बऱ्याच अंशी या राखणीत आहे. कोकण-गोव्याकडची काळुंदर याच कुळातली. आपल्या बाजारात येणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा सिक्लिडच. मूळ आफ्रिकेतली तिची एक जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली.

या माशांचे भांडण कोल्हापूरच्या वाचकाला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. दोन नर समोरासमोर आले की आधी खडाखडी होते. पर ताठ होतात, गालफडे फुगतात, अंगावरचे पट्टे गडद होतात. मग दोघे एकमेकांना समांतर उभे राहून शेपटीने पाण्याचे फटके मारतात आणि त्या फटक्यांतून समोरच्याची ताकद जोखतात. एवढ्यावर निकाल लागला नाही, तर तोंडात तोंड अडकते आणि रेटारेटी सुरू होते. सुटतात, दम घेतात, पुन्हा भिडतात. शेवटी एकजण पर मिटतो, रंग फिका करतो आणि पळतो. नदीत गोष्ट इथे संपते. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात १९१२ पासून कुस्त्या होत आल्या आहेत. तिथे चितपट झालेला पैलवान माती झटकून हौद्याबाहेर येतो. काचेच्या पेटीत हरलेल्याला बाहेर यायची वाट नसते. तो फिल्टरच्या पाइपामागे, पाण्याच्या वरच्या थरात, तिरका होऊन उभा राहतो आणि जिंकलेल्याच्या लेखी तो अजून हद्दीतच असतो. म्हणून पुन्हा मार खातो. सकाळी पर फाटलेला, खवले उडालेला मासा तळाशी सापडला की घरातले म्हणतात, ‘दुसरा फार खुनशी आहे.’ खरे तर त्याला जागेच्या टंचाईने मारलेले असते.

जॅक डेम्प्सी हे नाव अमेरिकन मुष्टियोद्ध्यावरून पडले. १९१९ ते १९२६ या काळात तो हेवीवेट जगज्जेता होता. गंमत अशी की याच गटातल्या रेड डेव्हिल किंवा जग्वारपुढे हा मासा सौम्यच ठरतो. ते दोघेही निकाराग्वाच्या सरोवरांकडचे आणि जग्वार तर फूट-सव्वा फुटाचा होतो. अनुभव नसलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

ऑस्करबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ऑसेलॅटस, मूळ ॲमेझॉनचे खोरे. शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडा असलेला काळा ठिपका असतो, डोळ्यासारखा. त्यामुळे शत्रू चुकीच्या टोकाला फसतो असे मानले जाते. लांबी ३० सेंमीपर्यंत, कधी त्याहून जास्त. पहिल्या वर्षी तो महिन्याला साधारण इंचाने वाढतो आणि नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षे जगतो. दहावीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला ऑस्कर त्याच्या पहिल्या पगारापर्यंत घरात असू शकतो. तो माणूस ओळखतो. खाऊ घालणारी व्यक्ती खोलीत आली की काचेशी येऊन अंग हलवतो, परका आला तर मागे सरतो. पाणी बदलले किंवा पेटीतले दगड हलवले की कित्येकदा तळाशी आडवा पडून राहतो, नवशिक्याला वाटते मेला. तासा-दोन तासांत उठतो आणि मग आपली मांडणी सुरू करतो : तोंडात वाळूचा घास भरून घेतो, पेटीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन थुंकतो, परत येतो. लावलेले रोप रात्रीत उपटून पाण्यावर तरंगत ठेवतो. थर्मामीटर त्याला सहन होत नाही. हे सगळे पाहत बसण्यात जो आनंद आहे त्यासाठीच हा मासा पाळावा.

फ्लॉवरहॉर्न निसर्गात नाही. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकी सिक्लिडांच्या संकरातून तो तयार झाला. नराच्या कपाळावर मोठा उंचवटा येतो आणि अंगावरच्या काळ्या खुणांत चिनी अक्षरे वाचली जातात, त्यावरून तो भाग्याचा मासा ठरला. आपल्याकडे त्याला वास्तूची जोड मिळाली. भाग्यासाठी आणलेला मासा बहुधा दिवाणखान्यातल्या लहान पेटीत बंद होतो, हे पाहून वाईट वाटते. डोके वाढवण्याच्या नावाने महागडे खाद्य विकले जाते. उंचवटा मुख्यतः वंशावर अवलंबून असतो, खाद्यावर थोडाच. काहीजण मासा चवताळावा म्हणून रोज आरसा दाखवतात. मिनिटभर ठीक, तासभर आरसा म्हणजे कधीच न संपणारी झुंज. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवावा. पॅरट हासुद्धा संकरच, तोंड पूर्ण न मिटणारा. झटापटीत त्याला चावता येत नाही, म्हणून दांडग्या माशांबरोबर त्याला सोडू नये. रंग टोचलेले किंवा गोंदवलेले पॅरट विकत घेऊ नयेत.

एका ऑस्करला किंवा फ्लॉवरहॉर्नला किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटी लागते. तीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. जोडीला किंवा दोन-तीन जाती एकत्र ठेवायच्या असतील तर सहा बाय दोन बाय दोन, म्हणजे सुमारे ६८० लिटर. काच, दगड, स्टँड धरून हे वजन पाऊण टनाच्या वर जाते. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर अशी पेटी ठेवू नये, तळमजल्यावर भिंतीलगत ठेवावी. पेटीखाली थर्माकोलचा थर द्यावा. दगड आधी, वाळू नंतर : वाळूवर रचलेला दगड मासा खालून उकरतो आणि तो घसरून काच फोडतो. आपल्याकडचा काळा दगड पाण्यात काही सोडत नाही, तो उत्तम. आडोशासाठी कुंभाराकडची रंग न दिलेली कुंडी आडवी ठेवली तरी पुरते. दोन मासे एकत्र असतील तर आडोसे असे लावावेत की एका टोकाहून दुसरे टोक दिसू नये. नवा मासा सोडताना आधी सगळे दगड हलवावेत म्हणजे जुन्याची हद्दही मोडते. तरीही मारामारी थांबली नाही तर मध्ये भोकांची ॲक्रिलिकची फळी घालावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर दुसरी पेटी. हीटरला जाळी, पेटीला वजन ठेवलेले झाकण. हे मासे उडी मारतात.

मोठा मासा खूप खातो आणि तेवढीच घाण करतो. तिच्यातून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, तिसरे साचले तर घातक. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पेटी आणि मासा एकाच दिवशी घरी आणू नयेत. फिल्टरने तासाला पेटीतले पाणी पाच-सहा वेळा तरी फिरवावे आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावे. सहा फुटी पेटीत हा तिसरा हिस्सा सव्वादोनशे लिटरचा होतो. जलवाहिनी फुटली की शहरात एक दिवसाआड पाणी येते, त्यामुळे कोल्हापुरात मासे पाळणाऱ्याला झाकणाचे दोन मोठे बॅरल हवेतच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते बॅरलमध्ये एअर पंप लावून दिवसभर मुरू द्यावे किंवा दुकानात ॲन्टीक्लोरीन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे घालावेत. बोअरचे पाणी बहुधा जड असते. मध्य अमेरिकी सिक्लिडांना ते मानवते आणि ऑस्करही जुळवून घेतो, फक्त बदल सावकाश करावा. काढलेले पाणी कढीपत्त्याला घालावे, झाड तरारते. तापमान २५ ते २८ अंश. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेला हीटर लागतो, लिटरला साधारण एक वॉट या हिशेबाने.

कोल्हापुरात आणखी एका गोष्टीची तयारी करावी लागते : महापूर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा या दोन्ही रेषा मागे टाकून खूप वर गेली. अशा वेळी वीज तोडली जाते, आणि उपसा केंद्रेच पाण्यात गेल्याने नळही बंद पडतो. घर कोरडे राहिले तरी पेटीतला मासा संकटात असतो. फिल्टर थांबला की काही तासांत ऑक्सिजनअभावी त्यातले जिवाणू मरू लागतात आणि मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. पावसाळ्यापूर्वी सेलवर चालणारे दोन एअर पंप घेऊन ठेवावेत, बॅरल भरलेले असावेत. वीज गेली की खाणे ताबडतोब बंद करावे. धडधाकट मोठा सिक्लिड आठवडाभर उपाशी राहतो, त्याला काही होत नाही. पंप नसेल तर तांब्याने पाणी उचलून वरून ओतत राहावे, आळीपाळीने, रात्रीसुद्धा. वीज परत आली की बंद डब्याचा फिल्टर तसाच चालू करू नये. आत सडलेले पाणी पेटीत आले की वाचलेला मासाही जातो. आधी तो उघडून आतला स्पंज बादलीत काढलेल्या पेटीतल्याच पाण्यात पिळून घ्यावा.

रोजचे खाणे म्हणजे चांगल्या प्रतीच्या गोळ्या, सोबत कधी कोळंबी, गांडूळ, उकडलेला वाटाणा. सुकट खारट असते, ती धुऊन भिजवून द्यावी. जिवंत गोल्डफिश सोडून ‘शिकार’ पाहण्याचा प्रकार बंद व्हावा असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. त्या माशांतून रोग येतात, शिवाय गोल्डफिशमध्ये बी-१ जीवनसत्त्व मोडणारा थायामिनेज हा घटक असतो. मटणाची चरबी या माशांना पचत नाही. डोक्यावर टाचणी टोचल्यासारखे खड्डे पडू लागले, तर तो बहुधा अस्वच्छ पाणी आणि एकसुरी आहार यांचा परिणाम असतो. औषध शोधण्याआधी पाणी बदलावे.

मासा पेटीत मावेनासा झाला की काहीजण तो रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडतात, आणि जीव वाचवल्याचे समाधान मानतात. त्यांची भावना खरी असते, पण त्यातून होणारे नुकसान मोठे. पनामाच्या गातून सरोवरात १९६७ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतला पीकॉक बास हा सिक्लिड शिरला आणि काही वर्षांत तिथल्या अनेक स्थानिक माशांची संख्या कोसळली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांत ऑस्कर ठाण मांडून बसला आहे. आपल्याकडे उजनीसारख्या धरणांत चिलापी किती झाली, हे कोणाही मासेमाराला विचारावे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांत दुसरीकडे न सापडणारे मासे राहतात, आणि ऑस्करच्या तोंडात मावेल तो मासा त्याचे खाद्य असतो. म्हणून मोठा झालेला मासा परत कोण घेईल, हे पिल्लू घ्यायच्या आधीच दुकानात विचारून ठेवावे. देताना तो जाळीने उचलू नये, परांचे काटे अडकतात. पेटीतलेच पाणी भरलेल्या झाकणाच्या ड्रममध्ये त्याला हळूच वळवून घ्यावे. एका ड्रममध्ये एकच मासा, आणि आदल्या दिवशी त्याला काही खायला घालू नये.