अंधारात चमकणारे सुरक्षा फलक: गोव्यात फायर एनओसी काढताना काय द्यायचे, काय तपासायचे

हॉटेल, रेस्टॉरंट, लग्नाचा हॉल किंवा मोठे दुकान सुरू करायचे तर अग्निशामक दलाचा ना हरकत दाखला लागतो, आणि त्या फाइलमध्ये बाहेर पडण्याच्या वाटेवरचे फलकही येतात. बहुतेक जण ही बाब शेवटच्या दिवसावर ढकलतात. बाजारातून हिरव्या पाट्या आणायच्या, चिकटवायच्या, की झाले. डिसेंबर २०२५ मध्ये उत्तर गोव्यातल्या हडफड्याच्या नाईटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा जीव गेला आणि त्यातले बहुतेक तिथेच राबणारे कामगार होते. त्यानंतर तरी हे असे उरकणे थांबायला हवे.

दाखला कोणाला लागतो? राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४ हा याचा आधार. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘हायराइज’ ठरते. लोक एकत्र जमतात अशा सगळ्या इमारती, म्हणजे हॉल, थिएटर, रेस्टॉरंट, नाईटक्लब, उंची कितीही असली तरी विशेष इमारतींत मोडतात. हॉटेल, कार्यालये, दुकाने, गोदामे यांचा एखादा जरी मजला ५०० चौरस मीटरच्या वर गेला तरी तेच. तळघर ५०० चौरस मीटरहून मोठे असेल किंवा तळघरे दोन असतील, तरीही सुटका नाही. ‘आमची इमारत तळमजल्याचीच आहे’ हे हॉलवाल्यांचे नेहमीचे उत्तर इथे चालत नाही.

अर्ज अग्निशामक व आपत्कालीन सेवा संचालनालयाकडे करायचा. मुख्यालय पणजीत सांतिनेजला आहे. काम दोन टप्प्यांत होते. बांधकामाआधी नकाशांवर तात्पुरता दाखला मिळतो. बांधकाम संपून यंत्रणा बसली की प्रत्यक्ष पाहणी होते आणि मग अंतिम दाखला. सोबत साधारणपणे मालकीची किंवा भाडेकराराची कागदपत्रे, मंजूर नकाशे, जागेचा आराखडा, आर्किटेक्टने सही केलेले मजलानिहाय नकाशे आणि बसवलेल्या अग्निशमन साधनांची यादी लागते. मजल्याच्या नकाशावर जिने, दारे आणि प्रत्येक फलकाची जागा बाणासकट दाखवा. पाहणीला आलेला अधिकारी नकाशा हातात धरून चालतो, तेव्हा कागदावरचा बाण आणि भिंतीवरचा बाण एकाच दिशेला असले पाहिजेत.

आता फलकाकडे. बाहेर पडण्याची खूण हिरवी, आग विझवण्याच्या साधनाची लाल. चिन्हांसाठी आयएसओ ७०१० आणि आपल्याकडे आयएस ९४५७, आयएस १२३४९ ही मानके आहेत. हे फलक दिव्यांचा प्रकाश साठवून घेतात आणि दिवे गेल्यावर स्वतः चमकतात. पण रंग आणि चित्र बरोबर असूनही फलक अंधारात निकामी ठरू शकतो. म्हणून पुरवठादाराकडून चाचणी अहवाल मागा आणि त्यातले दोन आकडे शोधा: दिवे बंद केल्यावर १० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी उरलेली चमक. ती मिलिकँडेला प्रति चौरस मीटरमध्ये लिहितात. आयएसओ १७३९८ या मानकाच्या ‘सी’ वर्गाला १० मिनिटांनी १४० आणि ६० मिनिटांनी २० लागतात; सर्वात खालच्या ‘ए’ वर्गाला २३ आणि ३. डिन ६७५१० या जर्मन मानकाप्रमाणे छापलेल्या फलकावर ‘१५०/२२-२४००’ असे काही दिसले, तर पहिले दोन आकडे हेच. शेवटचा म्हणजे चमक ०.३ वर येईपर्यंतची मिनिटे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला जेमतेम दिसते त्याच्या सुमारे शंभरपट ही ०.३ ची पातळी आहे. अहवालात फक्त ‘उच्च दर्जा’ लिहिले असेल तर तो अहवाल नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेता सहसा सांगत नाही. डिनच्या चाचणीत फलकावर १,००० लक्सचा (लक्स म्हणजे पडणारा प्रकाश मोजायचे एकक) झेनॉन दिव्याचा प्रकाश ५ मिनिटे टाकतात. तुमच्या पॅसेजमध्ये एवढा प्रकाश नसतो. फलकातले चमकणारे रसायन, स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट, निळ्या आणि अतिनील प्रकाशाने चांगले भरते. पिवळसर एलईडीखाली कमी भरते. गोव्यात हॉटेलांचे व्हरांडे मुद्दाम मंद, पिवळे ठेवतात, वर बिल वाचवायला मोशन सेन्सर. रात्री दोन वाजता त्या व्हरांड्यात तासभर कोणी फिरकले नाही, तर फलक तासभर आधीच उतरत आलेला असतो. तेव्हा कमी लक्सवर घेतलेल्या चाचणीचे आकडेही मागा आणि फलकावर पडणारा एक दिवा कायम चालू ठेवा.

बसवतानाही घाई नको. चुना लावलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर डबल टेप पहिल्या पावसाळ्यातच सुटतो. स्क्रू मारा, आणि किनाऱ्याजवळ असाल तर स्टेनलेस स्टीलचेच. धूर वरून खाली उतरतो, त्यामुळे दारावरच्या फलकासोबत जमिनीलगतही खुणा हव्यात. बोटीवर नोकरी केलेल्या कोणत्याही गोंयकाराला विचारा, पॅसेजमधली खालची चमकती पट्टी त्याने पाहिलेली असेल. प्रवासी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९३ मध्ये ए.७५२(१८) या ठरावात तिचे निकष घातले: रुंदी किमान ७५ मिलिमीटर, चमक १० मिनिटांनी किमान १५ आणि ६० मिनिटांपर्यंत २ च्या वर.

त्याच ठरावात दर आठवड्याला नजरेने तपासणी करून नोंद ठेवायला आणि पाच वर्षांतून एकदा जागेवर चमक मोजायला सांगितले आहे. जमिनीवरच्या इमारतीत ही पद्धत उचलायला कोणाची हरकत नाही. एक वही ठेवा: तारीख, मजला, कुठला फलक फिका, कुठला कपाटाआड गेला, आणि तपासणाऱ्याची सही. पाहणीच्या वेळी चाचणी अहवालासोबत हीच वही अधिकाऱ्यापुढे ठेवा.