नंबरचा गॉगल आणि तिरपी काच

सायकल चालवणाऱ्यांची एक तक्रार चष्म्याच्या दुकानात वरचेवर येते. रोजच्या चष्म्याचा नंबर मायनस चार. त्याच नंबरच्या काचा कानाकडे वळलेल्या, चेहऱ्याला बिलगून बसणाऱ्या स्पोर्ट्स फ्रेममध्ये टाकून घेतल्या. घातल्या तर जमीन बशीसारखी खोलगट वाटते, दाराची चौकट कलते, अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. दुकानदार काच मशीनवर ठेवून दाखवतो: नंबर बरोबर मायनस चार. ‘सवय होईल’ म्हणून तो परत पाठवतो. सवय काही होत नाही, आणि गॉगल कपाटात पडून राहतो.

डोळेही ठीक असतात, मशीनही ठीक असतं. मशीनवर काच नजरेला काटकोनात धरलेली असते आणि चेहऱ्यावर ती तिरपी बसते, एवढाच फरक. पण भिंग तिरपं केलं की त्याचा नंबर बदलतो, आणि सायकलच्या गॉगलमध्ये हा बदल चांगला जाणवण्याइतका असतो.

हे घरी करून बघता येतं. मुठीचं साधं भिंग घ्या, १० सेंटिमीटरवर ऊन गोळा करणारं. म्हणजे ते प्लस दहा नंबरचं झालं. कागद पेटेल, म्हणून खाली पांढरी टाइल ठेवा. सूर्याकडे भिंगातून कधीही बघायचं नाही आणि टाइलवरच्या ठिपक्याकडेही टक लावायची नाही. भिंग उन्हाच्या बरोबर समोर धरलं की टाइलवर मोहरीहून लहान गोल ठिपका पडतो. आता मूठ फिरवून भिंग साधारण २० अंश कलतं करा. ठिपका फाटतो. भिंग टाइलच्या थोडं जवळ, साडेआठ सेंटिमीटरवर आणलं की एक बारीक रेघ उमटते, मुठीला समांतर. तेच भिंग साडेनऊच्या किंचित पुढे नेलं की दुसरी रेघ उमटते, पहिलीला काटकोनात. या दोन्हींच्या मध्ये कितीही वरखाली करा, मोहरीएवढा स्वच्छ ठिपका काही परत मिळत नाही. साधं गोल भिंग आता सिलिंडर असलेलं, म्हणजे एका दिशेने जास्त आणि काटकोनातल्या दिशेने कमी ताकदीचं भिंग झालं आहे.

असं का होतं? एक वाटी वरून बघा, मग थोडी तिरकी करून बघा. वाटीचं तोंड गोल होतं, ते लंबगोल दिसू लागतं: एका दिशेने रुंदी तेवढीच, दुसऱ्या दिशेने कमी. भिंगावर येणाऱ्या किरणांसाठीही तसंच होतं. भिंग २० अंश कललं की कलण्याच्या दिशेने त्याची रुंदी ९४ टक्के उरते, पण फुगवटा आहे तेवढाच राहतो. तोच फुगवटा कमी रुंदीत बसला म्हणजे वळण जास्त तीव्र झालं. वळणाची तीव्रता रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ०.९४ चा वर्ग ०.८८, म्हणून त्या दिशेने भिंगाची ताकद १३ टक्क्यांनी वाढते. काटकोनातल्या दिशेने रुंदी बदललेली नाही, त्यामुळे तिथे ही वाढ नाही. याखेरीज तिरप्या पृष्ठभागावर अपवर्तनच जरा जास्त होतं. पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकच्या काचेत २० अंशांवर ते जवळपास पावणेचार टक्के भरतं, आणि ते दोन्ही दिशांना सारखं लागू होतं.

आता हे मायनस चारच्या काचेला लावा. २० अंश वळलेल्या फ्रेममध्ये ती डोळ्याला मायनस ४.१५ आणि वर ०.५५ चा सिलिंडर, अ‍ॅक्सिस (सिलिंडरची दिशा) ९०, म्हणजे उभी, अशी भेटते. चष्म्याचे नंबर पाव-पाव डायॉप्टरच्या (डायॉप्टर हे नंबराचं एकक) पायऱ्यांनी दिले जातात, तेव्हा अर्ध्या डायॉप्टरचा फुकटचा सिलिंडर ही मोठी चूक आहे. डोळ्यातलं भिंग जोर लावून खांबांच्या उभ्या कडा स्पष्ट करतं, तर रस्त्यावरच्या आडव्या कडा पुसट होतात. आडव्या कडा धरल्या तर खांब पुसट होतात. ही ओढाताण दर क्षणी चालू राहते. कपाळ ठणकतं ते यामुळे.

रोजच्या फ्रेममध्ये हे जाणवत नाही, कारण ती जेमतेम पाच अंश वळलेली असते आणि तिथे सिलिंडर येतो ०.०३ चा. दहा अंशांवर तो ०.१३ होतो. वीस अंशांवर एकदम ०.५५. कोन दुप्पट केला की चूक चौपटीहून जास्त होते. त्यामुळे फ्रेम निवडताना वळण हा पहिला प्रश्न आहे. रंग, आरसा, नाव हे सगळं नंतर. फ्रेम वरून बघा. दोन्ही काचा जवळजवळ एका रेषेत असतील तर नेहमीचा नंबर चालेल. धनुष्यासारखी कमान दिसत असेल तर नंबर बदलून घ्यावाच लागेल.

त्यावरचा उपाय सोपा आहे: जेवढी चूक होणार तेवढी उलटी चूक काच घासतानाच तिच्यात घालायची. मायनस चारच्या डोळ्यासाठी २० अंशांच्या फ्रेममधली काच मायनस ३.४१, सिलिंडर मायनस ०.४५, अ‍ॅक्सिस १८० अशी बनवायची. चेहऱ्यावर तिरपी बसल्यावर ती बरोबर मायनस चार होते. लॅबकडे यासाठी संगणकाचे प्रोग्राम असतात. दुकानातून तीन मापं मात्र पाठवावी लागतात: फ्रेमचं वळण किती अंश, काच पुढे-मागे किती झुकली आहे, आणि डोळ्यापासून काचेचं अंतर किती मिलिमीटर. ही मापं न घेता कोणी नंबरचा वळलेला गॉगल बनवून देत असेल, तर तिथे ऑर्डर देऊ नका. काचेच्या पाकिटावर दोन नंबर छापलेले असायला हवेत, एक डॉक्टरांनी लिहिलेला आणि एक बदललेला. ते पाकीट जपून ठेवा. नाहीतर पुढे कुणीतरी गॉगल मशीनवर घालून ‘तुमचा नंबर चुकीचा बनवलाय’ असं सांगेल आणि बरोबर असलेली काच बदलायला लावेल.

सायकलवर आणखी एक गोष्ट घडते, जी मोटारीत किंवा चालताना घडत नाही. खाली वाकलेलं हँडल धरलं की मान खाली जाते आणि नजर काचेच्या वरच्या भागातून रस्त्यावर जाते. काचेचा मध्य दुकानात सरळ उभं राहून ठरवलेला असतो, तो आता नजरेच्या सेंटिमीटरभर खाली राहतो. मध्यापासून जितके सेंटिमीटर दूर, त्याला नंबराने गुणायचं: मायनस चारसाठी एक सेंटिमीटरवर चार प्रिझम डायॉप्टर. म्हणजे एका मीटरवरची वस्तू चार सेंटिमीटर सरकलेली दिसते. दोन्ही डोळ्यांना सारखीच सरकली तर मेंदू सांभाळून घेतो. पण एका डोळ्याचा नंबर दोन आणि दुसऱ्याचा चार असेल, तर एका डोळ्याचं चित्र दुसऱ्याच्या वर-खाली होतं. डावी-उजवीकडची तफावत डोळे बरीच सहन करतात, वर-खालची फार थोडी. दोन डोळ्यांच्या नंबरात दीड-दोनचा फरक असणाऱ्यांनी हे दुकानात आवर्जून सांगावं.

याच प्रिझममुळे रंगही फुटतात. पॉलिकार्बोनेट मजबूत असतं, पण प्रकाशाचे रंग ते जास्त विखुरतं. हे अ‍ॅबे अंकाने मोजतात; अंक जितका लहान तितके रंग जास्त विखुरतात. त्याचा अ‍ॅबे अंक ३० आहे, साध्या सीआर-३९ प्लास्टिकचा ५८, ट्रायव्हेक्स या आणखी एका मजबूत प्लास्टिकचा ४४ च्या आसपास. प्रिझमला अ‍ॅबे अंकाने भागलं की रंगफूट किती ते मिळतं: पॉलिकार्बोनेटमध्ये ४ भागिले ३०, म्हणजे ०.१३, तर ट्रायव्हेक्समध्ये ०.०९. साधारण ०.१ च्या पुढे पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला निळी-पिवळी झालर दिसायला लागते. सीआर-३९ चं चित्र सगळ्यांत स्वच्छ, पण खडी उडून लागली तर ते फुटतं, म्हणून सायकलसाठी नको. नंबर तीनच्या आत असेल तर पॉलिकार्बोनेट पुरे. त्यापुढे ट्रायव्हेक्स मिळालं तर घ्यावं. ते वजनालाही हलकं आहे.

म्हणून माप देताना सायकलवर बसल्यासारखं बसा. हेल्मेट घालून जा, खुर्चीत पुढे वाका, हात हँडलवर असल्यासारखे ठेवा आणि दहा मीटरवरच्या जमिनीकडे बघा. या स्थितीत फ्रेममधल्या डेमो काचेवर बुबुळासमोर मार्करने ठिपका काढायला सांगा, दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळा. काचेचा मध्य या ठिपक्यावर नाही, तर हा ठिपका आणि सरळ बसल्यावरचा ठिपका यांच्या मधोमध घ्यावा, कारण चढावर आपण ताठ बसतो. फ्रेमची वरची कडा याच वेळी तपासा. वाकल्यावर ती नजरेच्या आड येत असेल तर वरून कड नसलेली फ्रेम घ्या. हेल्मेटचे पट्टे आणि गॉगलच्या काड्या एकमेकांना ढकलत नाहीत ना, हेही तिथेच कळतं.

नंबर सहाच्या पुढे असला तर फार वळलेल्या फ्रेमचा नाद सोडावा. कडा जाड होतात आणि उलटी चूक घालूनही कडेचं चित्र सुधारत नाही. तिथे कमी वळणाची फ्रेम, कॉन्टॅक्ट लेन्सवर साधा गॉगल, किंवा गॉगलच्या आत बसणारी नंबरची छोटी जोडफ्रेम असे तीन मार्ग आहेत. जोडफ्रेम स्वस्त पडते, पण घाटात चढावर वेग कमी झाला की दोन काचांच्या मधली हवा हलत नाही आणि घामाची वाफ तिथे धरते. ती डोळ्याच्या जवळही येते: १२ मिलिमीटरऐवजी ८ वर आली तर मायनस सहाची काच ०.१४ ने जास्त जोरात लागते. काच बनवताना तेवढा नंबर कमी करून घ्यायचा.

काळेपणाबद्दल गैरसमज फार आहेत. जितकी काच काळी तितका डोळा सुरक्षित, हे साफ चुकीचं आहे. अतिनील किरण अडवणं आणि उजेड कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. काळी पण अतिनील किरण न अडवणारी काच तर बिनगॉगलपेक्षाही वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि ते किरण जास्त आत जातात. पॉलिकार्बोनेट पारदर्शक असतानाही बहुतेक अतिनील किरण शोषून घेतं. खात्री करायची तर अतिनील टॉर्च आणि एक नोट घ्या. नोटेवरचे आकडे टॉर्चखाली चमकतात; मध्ये काच धरली की चमक गेली पाहिजे. टॉर्च ३६५ नॅनोमीटरची हवी. बाजारातल्या स्वस्त टॉर्च ३९५ च्या असतात, त्यांचा काही प्रकाश ४०० च्या पुढचा असल्याने चांगल्या काचेतूनही नोट थोडी चमकते आणि उगीच संशय येतो.

गडदपणाच्या ० ते ४ अशा श्रेणी आहेत. तिसरीतून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, दुसरीतून १८ ते ४३. चौथी गाडी चालवायला चालत नाही, सायकललाही नको. नंबर नसलेला माणूस सावलीत गॉगल हेल्मेटवर चढवून टाकतो. नंबरवाल्याला तसं करता येत नाही, काढला की रस्ताच दिसेनासा होतो. त्यामुळे घाटात, झाडीत जाणाऱ्याने दुसरी श्रेणी घ्यावी आणि साधा चष्मा पाठीवरच्या खिशात ठेवावा. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचा सोयीच्या असतात, पण त्यांना दोन मर्यादा आहेत. उजळायला त्यांना काही मिनिटं लागतात, कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरल्यावर तेवढा वेळ नसतो. दुसरं म्हणजे त्यातले रेणू अतिनील किरणांनी उघडतात आणि उष्णतेने मिटतात, त्यामुळे मे महिन्यात सोलापूर-नागपूरच्या उन्हात त्या थंडीतल्याइतक्या गडद होत नाहीत.

पोलराइज्ड काच पाण्यावरची चमक सर्वांत जास्त कापते ती उभ्या रेषेपासून ५३ अंशांवर. सायकलस्वाराचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर धरले तर तो बिंदू दोन मीटर पुढे येतो. ताशी ४० च्या वेगाला ते अंतर पाव सेकंदही पुरत नाही. दूरच्या पाण्यावर परिणाम कमीच. उलट ओल्या घाटात तेलाचा डाग चमकूनच कळतो, आणि काही सायकल कॉम्प्युटरचा पडदा या काचेतून काळा पडतो. रस्त्यावरच्या सायकलसाठी पोलराइज्डचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. रात्री ‘स्पष्ट दिसायला’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या काचांचंही तेच. आधीच कमी असलेला उजेड त्या आणखी कमी करतात. आणि चष्मा सतत लावला की नंबर वाढतो, म्हणून सायकलवर तरी डोळ्यांना ‘मोकळं’ सोडावं, हा समज अजून घराघरात आहे. चष्म्याने नंबर वाढत नाही. मायनस चारचा माणूस चष्म्याविना रस्त्यावर उतरला तर पाव मीटरच्या पुढचं सगळं त्याला धूसर दिसतं.

चाळिशीनंतर हँडलवरचे आकडे दिसेनासे होतात. ते साधारण ६५ सेंटिमीटरवर असतात, म्हणून वाचनाचा पूर्ण नंबर लागत नाही. सव्वा ते दीडची भर पुरते, आणि ती काचेच्या अगदी तळाशी छोट्या खिडकीत घ्यावी. प्रोग्रेसिव्ह काच, म्हणजे वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणारी, वळलेल्या फ्रेममध्ये कडेला फार डोलते.

गॉगल हातात आला की दुकानातच तीन मीटरवरून दाराच्या चौकटीकडे बघा, डोकं हळू डावी-उजवीकडे फिरवा. मग एकेक डोळा झाकून तेच करा, आणि शेवटी मागची गाडी बघताना फिरवतो तशी मान वळवून काचेच्या कडेतून बघा. थोडं डोलणं चार-पाच दिवसांत जातं. त्यानंतरही चौकट कललेली दिसत असेल तर पाकिटावरचा दुसरा नंबर आणि फ्रेमचं मोजलेलं वळण दाखवायला सांगा. काच पुसताना आधी पाण्याखाली धरा. रस्त्याची धूळ प्लास्टिकपेक्षा कठीण असते आणि कोरड्या टी-शर्टने घासली की बारीक ओरखडे पडतात.